परसदाराची कडी

"दार उघडू नगंस, सारू! कडीला हात लावशील तर माझी आण हाय तुला! सूर्य बुडू दे, आधी सूर्य बुडू दे!"

हसाजीबापूंचा हा आक्रोश बंद घराच्या कौलांमधून धुरासारखा वर आला, तेव्हा मी त्यांच्याच घाण्याच्या बैलाला समोरच्या चिंचेखाली पाणी दाखवीत उभा होतो, आणि माझ्या हातून बादली सुटली. दसऱ्याची संध्याकाळ होती. उत्रोलीच्या खाचरांत आंबेमोहर भात निसवला होता. त्याचा तो कोवळा, किंचित दुधाळ दरवळ वाऱ्याच्या आधारावाचूनच तरंगत होता, आणि डोंगरांच्या खांद्यांवरून उतरलेले ऊन इतके पिवळे, इतके तिरपे झाले होते की ढेकळाढेकळाला आपापल्या योग्यतेहून लांब सावली मिळाली होती. सारे गाव सीमोल्लंघनाला गेलेले. भोरच्या बाजूने नगाऱ्याचा घुमारा नदीवरून ओला होऊन येत होता. ज्या दिवशी झाडून सारी माणसे वेस ओलांडून सोने लुटायला निघतात, नेमक्या त्या दिवशी ह्या एका घराने स्वतःला आतून कडी घातली होती. आणि आताच, अगदी आताच, कोणीतरी त्या घराचे परसदार वाजवले होते.

पण गोष्ट अशी मध्येच धरली तर लोक म्हणतील, बुवांनी पुन्हा एक भूत उभे केले. त्यांचाही दोष नाही. मी हरिदास माणूस. उभे राहून, चिपळ्या वाजवून देवाच्या कथा सांगायच्या, आणि कथा पाच हात असली तर श्रोत्यांच्या पदरी ती पंचवीस हात करून घालायची, हा आमचा कुळाचार. भाटघरच्या धरणाशेजारी मी एकदा वरचा सूर लावला तेव्हा पाणी हातभर मागे सरकले, हे मी शपथेवर सांगत आलो आहे, आणि माझ्या शपथेचा भाव नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत कोणाला विचाराल तो सांगेल. तरीही त्या संध्याकाळचे मी जे सांगणार आहे त्यात माझी भर नाही. भर घालायला जागाच राहिली नव्हती.

हसाजीबापू हे बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. आमच्याकडे त्या लोकांना शनवारतेली म्हणत. त्यांचे पूर्वज फार मागे कधीतरी फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, आणि बापूंचे आजोबा तिथून वरंधा घाट चढून कारळ्याच्या वासामागे इकडे आले, अशी त्यांच्या घरची कथा. डोंगरातले कारळे, देशावरची करडई त्यांच्या घाण्यात पडे आणि त्या तेलावर आमची सगळ्यांची निरांजने जळत. शनिवारी मात्र घाणा बंद. आभाळ कोसळले तरी बंद. बैलालाही ते वळण इतके लागले होते की शुक्रवारी सूर्य कलला की तो चालता चालता आपोआप थांबे आणि झापडांमागून रागाने बापूंकडे पाहून म्हणे की, आता पुरे. (म्हणे म्हणजे म्हणत असावा, मी होतो तिथे.)

रविवारी बंद पाळणारे दुसरे गृहस्थ म्हणजे भास्करमास्तर. हे ख्रिस्ती उपदेशक. विंझरला दोन-चार घरांची मंडळी आणि वडाखालची शाळा सांभाळत, आणि आठवड्यातून एकदा, काखेत छत्री अन् डोक्याला पांढरे पागोटे अशा थाटात, वाटेतली गावे पायांखाली घालीत तेल न्यायला म्हणून उत्रोलीस येत. तेल पावशेर, आणि बोलणे घागरभर. कारण ह्या दोघांच्या पोथीचा पूर्वार्ध एकच होता. तेच आदिपुरुष, तोच समुद्र दुभंगणारा देव, तोच मेंढरांमागून आलेला गाणारा राजा. उत्तरार्धापाशी आले की मात्र मास्तर पुढे निघत आणि बापू जागच्या जागी बसून राहत. एका विहिरीवर दोन मोटा चालाव्यात तसे ते दोघे. पाणी एकच, पाट वेगळे. आणि मी तिसरा, ज्याला त्या पोथीतले ओ की ठो ठाऊक नाही, पण गाता गळा आहे. दोघांनाही कीर्तनाचा सोस. बापू आपल्या लोकांत संदेष्ट्यांची आख्याने लावीत, मास्तर आपल्या मंडळीत प्रभूची. आणि साक्या, दिंड्या, ओव्यांच्या चाली मात्र दोघांनाही माझ्याकडून. ब्राह्मणाच्या चिपळ्यांवर यहुद्याचा राजा आणि ख्रिस्त्याचा प्रभू नाचवणारा मी, भोर संस्थानात तरी एकटाच.

त्या वर्षी दोघांनी मिळून एक आख्यान रचायला घेतले होते. विषय त्या गाणाऱ्या राजाचा. त्याचा लाडका मुलगा लढाईत आहे. म्हातारा बाप वेशीच्या दारात बसून आहे. बुरुजावरचा पहारेकरी ओरडतो की एक माणूस एकटाच धावत येतो आहे. इथपर्यंत ओव्या अशा उतरल्या की ऐकताना माझ्याच टाळूला कोरड पडे. त्यापुढची ओवी बापूंना सुचेना. घाणा कुरकुरत फिरे, पेंडीचा उबदार, कडवट वास छपरात कोंडे, मास्तर बोटांवर मात्रा मोजीत, आणि तो धावत येणारा माणूस महिनोन्‌महिने वाटेतच धावत राही.

न सुचण्याचे कारण आम्हाला दिसत होते. बापूंचा एकुलता एक मुलगा सामसन पलटणीत होता, पूर्वेकडच्या रानातल्या लढाईत, आणि वर्ष उलटले तरी त्याची खबर नव्हती. हा सामसन पोरपणी म्हणजे मूर्तिमंत वावटळ. बाप तोंडाला पूर्वीच्या कुठल्या भाषेतली प्रार्थना लावून डोळे मिटून उभा असावा आणि ह्याने परसातून धाडकन दार लोटून चिखलाच्या पायांनी आत यावे. एकदा बापूंनी त्याला संबंध सकाळ परसदाराशी उभे केले आणि धडा घालून दिला: बोटांनी वाजवायचे, थांबायचे, आणि आतून "ये रे" अशी हाक आल्यावाचून पाऊल उचलायचे नाही. पुढे पोर वाढले, मिशा आल्या, घाण्यातली लाट, तो पुरुषभर लाकडी सोट, एका हाताने उपसू लागले (दुसऱ्या हाताने त्या वेळी तो ऊस खात होता, हेही मी पाहिले आहे), पण ती रीत सुटली नाही. स्वतःच्या घराचे दार हलकेच वाजवून हा पहिलवान निमूट उभा राही. "आपल्याच घरात पाव्हणा," म्हणून गाव हसे.

आता त्या बंद दाराविषयी. ह्या लोकांचा एक सण आहे, त्याला ते दारफाळणीचा सण म्हणतात. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत दारे लावून घ्यायची, पांढरी वस्त्रे नेसायची, अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी शब्द नाही. देवापुढे वर्षाचा निवाडा होत असतो, तो होईतो उंबरठ्याला पाय लावायचा नाही. बहुधा तो आमच्या दसऱ्याला किंवा त्याच्या मागेपुढे येई, आणि बैलाचे पाणी-वैरण माझ्याकडे लागे. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा सण. त्या दिवशी सामसन सण लागण्याआधीच तोडून ठेवलेली, कडा वळलेली आपट्याची पाने घेऊन माझ्या घरी येई आणि खाली वाकून म्हणे, "बुवा, शिळं सोनं घ्या." मी त्याला म्हणे, शिळे सोने म्हणजे बावनकशीच की रे.

पण त्या सणाची खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी त्यांचे गेलेले लोक घरी येतात. दारे बंद असतात ती आपल्यासाठी, त्यांना नव्हे. ते येतात, आपापल्या जागी बसतात, आणि सण सरला की उठून जातात.

सणाच्या आधल्या आठवड्यात, घाण्याच्या छपरात, हसाजीबापू हे मास्तरांना सांगत होते, आणि बैलाच्या पाठीवरचा हात न काढता एकदम म्हणाले, "मास्तर, औंदा मला त्या दिसाचं भ्या वाटतंय. समदे येत्याल. त्यांच्यात सामू आला तर?"

घाणा थांबला नव्हता. तरी थांबल्यासारखा वाटला.

मास्तरांचा जीव कळवळला असणार. कळवळलेला शहाणा माणूस नेहमी चुकीचे बोलतो. ते म्हणाले, "कोणी येत नाही, बापू. गेलेले निजलेले असतात. अखेरची तुतारी वाजेपर्यंत कोणी उठत नाही. त्या दिवशी काही भास झाला, तरी तो भासच समजा."

"तुमच्या लोकांस्नी झोप लई," बापू म्हणाले. "आमचे वर्साला एकदा उठत्यात."

मी मोठ्याने हसलो; मला वाटले, थट्टा आहे. मास्तर मात्र पुढे सरसावले. त्यांनी आख्यानाचा शेवटही सुचवला. त्यांच्या उत्तरार्धात दुसऱ्या एका बापाची कथा आहे म्हणे, ज्याचा बहकलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला दुरून पाहून धावत सुटतो. आपण राजाच्या वेशीवर धावत येणारा तो माणूस म्हणजे मुलगाच करू, असे मास्तरांचे म्हणणे.

बापूंनी बैल थांबवला. "तुमच्या अर्ध्या पोथीतला शेवट माझ्या अर्ध्यातल्या बापाला डकवू नका, मास्तर. त्याचं पोर परत येत न्हाई. लिवलंय तसं." आणि तेलाचे नरसाळे हातात घेऊन त्यांनी पाठ वळवली. मास्तर त्या दिवशी तेल न घेता गेले.

तर आता त्या संध्याकाळी परत येऊ.

दिवसभर त्या घरातून प्रार्थनेचा सूर येत होता, कधी उंच, कधी विहिरीच्या तळाशी गेलेला. माझा कान तयार आहे. कोरसात किती गळे आहेत ते मला डोळे मिटून कळते. सकाळी त्या घरात दोन गळे होते, बापूंचा आणि त्यांच्या कुटुंबाचा, सारूबाईंचा. दुपार कलता कलता तो सूर जाड होत गेला. पाण्यात पाणी मिसळावे तसे त्यात काही मिसळत गेले, खर्जातले, दमेकरी, म्हातारे. आणि एक अगदी बारीक, बोबडे, त्यांच्या एका अकाली गेलेल्या लेकीच्या वयाचे. बैलाचे दोन्ही कान त्या घराकडे वळलेले होते. चिंचेवर एरवी बाजार भरवणारे साळुंक्यांचे थवे त्या दिवशी फिरकले नव्हते, आणि मी, ज्याचे तोंड झोपेतही चालते असे आमच्या घरी म्हणतात, तो मी एक अक्षर न बोलता बसलो होतो.

मग परसदार वाजले. बोटांनी. हलकेच. आणि थांबले.

आतला सूर मोडला. मडके फुटावे तशी सारूबाईंची किंकाळी, "सामू! अवो, सामू आला!" आणि त्यावर बापूंची ती गर्जना. मग ती माउली ओरडली.

"सकाळधरनं बघतीया म्या. समदे आल्यात. मामंजी आल्यात, माझी बय आली, चिमी आली. ह्यांच्यात सामू न्हाई! जित्ता हाय त्यो, दारात उभा हाय! मेलेलं कुठं दार वाजिवत्यात? उघडा हो!"

"जित्ता असंल तर थांबंल," बापूंचा आवाज फाटला होता. "निवाडा व्हतोय, सारू. येवढ्यात कडी काढली तर ते त्याच्याच आड यायचं. सूर्य बुडू दे."

मी धावलो. धावलो म्हणजे उडालो. माझ्या देहयष्टीचा माणूस कुंपणावरून गेला हे त्या कुंपणाने जन्मभर सांगितले असते. परसात कोणी नव्हते. केळीची पाने निश्चल. धुण्याच्या दगडावर ऊन बसलेले. खाचरांतून जाणारी पायवाट दूरवर मोकळी, आणि तिच्यावर धूळदेखील उडत नव्हती. परसदाराच्या पायरीवर मात्र आपट्याची जुडी ठेवलेली होती. ताजी नव्हे, कडा वळलेली, शिरा तपकिरी झालेली, काल कुठेतरी तोडलेली.

मला ओरडता आले असते की, बापू, इथे कोणी नाही. पण त्या दिवशी त्यांच्याशी बोलायचे नसते. आणि खरे सांगायचे तर, इथे कोणी नाही असे म्हणण्याचे मला धैर्य नव्हते.

सूर्य बुडाला. कडी निघाली. पांढऱ्या लुगड्यातल्या सारूबाई ओसरीवरच्या सावलीसारख्या बाहेर आल्या, त्यांनी पायवाट पाहिली, पायरी पाहिली, जुडी उचलून छातीशी धरली आणि हसल्या. "शिळं सोनं," त्या म्हणाल्या. "हाय माझा लेक. कुठंतरी हाय." बापू त्यांच्या मागे उभे राहून अंधारत जाणाऱ्या भातातून त्या वाटेकडे पाहत राहिले, आणि उपवास सोडायचे त्यांना सुचले नाही.

पुढल्या आठवड्यात मास्तर आले तेव्हा मी त्यांना एकीकडे घेऊन डोळा घातला: "जुडी तुमचीच ना?" ते चकित झाले. त्या दिवशी ते विंझरला एका धनगराच्या आजारी म्हातारीपाशी बसून होते, आणि आपट्याचे पान त्यांनी धर्म बदलल्यापासून तोडलेले नव्हते. मीही ती ठेवली नव्हती. ह्यावर माझी शपथ घ्यायची तर घ्या. सगळे ऐकून मास्तरांचा चेहरा मात्र उजळला. "ठोठावणाऱ्याला उघडावं, असं आमचा प्रभू सांगतो, बापू," ते छपरात येऊन म्हणाले. "उघडायला हवं होतं." बापूंनी वाद घातला नाही. मास्तरांनी त्या आनंदात मुलगा परत येण्याच्या ओव्या रचल्या, मी चाल लावली, आणि सारूबाई त्या पुन्हापुन्हा म्हणवून घेऊ लागल्या. बापू ऐकत आणि बैल हाकीत.

आषाढात, झड लागलेली असताना, सामसनच्या पलटणीतला एक गडी वरंधा घाट चढून आला. एक हात गमावून तो घरी महाडकडे परतला होता, आणि दिलेल्या वचनाखातर पावसात एवढी वाट तुडवीत आला होता. आम्ही सगळे छपरात होतो. बुरुजावरून दिसलेला माणूस अखेर वेशीशी पोचला होता. त्याने स्वतःच सामसनला माती दिली होती. नदीकाठी, वेळूच्या बेटात.

सारूबाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "दसऱ्याच्या आदी, का मागनं?"

"आदी, आई," तो म्हणाला. "पोळ्याच्या सुमाराला."

कौलांवरचा पाऊस एवढा वेळ कोसळत होता हे मला तेव्हा ऐकू आले. मास्तरांनी ओव्यांचे ते कागद घडी करून आपल्या पिशवीत घातले आणि त्यांचे नाव पुन्हा काढले नाही. मी आयुष्यभर देवाच्या दारातल्या कथा सांगितल्या, पण दाराला दोन बाजू असतात, आणि बाहेर उभे असणाऱ्यालाही वेळ लागत असतो, हे माझ्या एकाही आख्यानात नव्हते.

पुन्हा दसरा आला. पुन्हा आंबेमोहराचा तोच दरवळ, तेच तिरपे ऊन, तोच ओला नगारा. बापूंनी पुढचे दार लावून घेतले. मी बैल सोडून चिंचेखाली नेला आणि सहज परसाकडे डोकावलो, तर परसदार उघडे. सताड नव्हे; हातभर. कडी लोंबत होती. ज्या दिवसाचे नावच दार लावण्यावरून पडले त्या दिवशी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीविरुद्ध.

आणि त्या दाराशी, गव्हाणीच्या कडेवर, छत्री उघडून भास्करमास्तर बसले होते. त्यांना कोणी बोलावलेले नव्हते. गेलेले लोक येत नाहीत, यावर त्यांचा विश्वास तसूभरही हललेला नव्हता. तो त्यांनी पुढेही मला अनेकदा बजावून सांगितला. तरी दिवसभर तो मनुष्य तिथे बसून कुत्री हाकीत होता, कोंबड्या वळवीत होता, चौकस शेजाऱ्यांना बोटाच्या खुणेने परतवीत होता, आणि आतल्या लोकांसारखाच अन्नपाण्यावाचून होता.

ऊन उतरले. आतला सूर पुन्हा दाट होत गेला. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी पायवाटेच्या कडेची भाताची एक ओळ, कोणी हात फिरवीत यावे तशी, दुरून इकडे लवत आली. मी आणून गव्हाणीला बांधलेल्या बैलाने मान उचलली. मास्तर उठले, छत्री मिटली, डोक्यावरचे पागोटे काढून हाती घेतले, आणि दारापासून दोन पावले बाजूला सरकून उभे राहिले. मी पुढे त्यांना विचारले, तर म्हणाले, पायाला मुंग्या आल्या होत्या. पागोट्यालाही आल्या होत्या काय, हे मी विचारले नाही. आतून, त्या सगळ्या सुरांवर, सारूबाईंचा आवाज आला, अगदी साधा, चुलीपुढून द्यावा तसा: "ये रे."

सूर्य बुडाल्यावर बापू परसात आले. पांढऱ्या कपड्यांत ते फार उंच दिसत होते. त्यांनी हौदातून चूळ भरली, बैलाच्या तोंडावरून हात फिरवला. मास्तर घुटमळले, आणि वाद घालायचा नसतानाही ज्याच्याने विचारल्यावाचून राहवत नाही अशा माणसाच्या आवाजात म्हणाले, "बापू, एक विचारू? तुम्हीच म्हणता, त्यांना दाराची अडचण नसते. बाकीचे सगळे बंद दारातूनच आले. मग परसदार कशाला उघडं ठेवलंत?"

"वाजवून यायची सवय आमीच लावलीया त्याला," बापू म्हणाले. "हाक येईस्तवर भाईरच ऱ्हातो त्यो."